कैवारी

गेल्या वर्षी याच सदरात मी नगरच्या नाताळच्या फराळाबद्दल लिहिलं होतं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आमच्याकडेही होतात, फक्त त्या डिसेंबरात, हे वाचून मंडळातल्या कितीतरी जणींचे फोन आले. त्या लेखात एक गोष्ट मी गाळली होती. यंदा ती लिहिते.

२०२२च्या नोव्हेंबरात बाबांचा फोन आला. "नाताळला येतेस का? पुढे हुरडाही आहेच." मी म्हणाले, "बाबा, डिसेंबरात तिकिटं फार महाग असतात. फेब्रुवारीत येते." तिकिटं महाग होती, हे खरंच. पण त्याच सुट्टीत दोन कुटुंबांबरोबर बर्फ बघायला जॉर्जियाला जायचं ठरलं होतं, पैसे भरून झाले होते. ते मी सांगितलं नाही. आम्ही गेलो. फोटो स्टेटसला टाकण्याआधी आठवणीने सेटिंगमध्ये जाऊन बाबांना ते दिसणार नाहीत अशी सोय केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे दादाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. दुबईहून विमान तीन तासांचं, पुण्याहून नगर १२० किलोमीटर. मातीला मी वेळेवर पोहोचले. तिकीट कितीला पडलं, ते त्या दिवशी कुणी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर डोक्यात एक आवाज सुरू झाला. भांडी घासताना, मुलीची वेणी घालताना, रात्री दिवा मालवल्यावर. तू खोटारडी आहेस. मुलगी म्हणून तू नालायक. शाळा सोडलीस, नोकरी सोडलीस, आई-बाप सोडले, तुझ्या हातून धड काही होत नाही. गंमत म्हणजे हा आवाज माझाच होता, अगदी माझ्या वर्गातल्या स्वरात. उपासनेला जायचे, पण प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठले की मी जागेवरच बसून राहायचे. झोप उडाली तेव्हा डॉक्टरांकडेही गेले. त्यामुळे माझी श्रद्धा कमी ठरली, असं मला वाटत नाही. पण पुढच्या डिसेंबरात वाळवंटात सहलीला गेलो असताना कुणीतरी कोळशावर कणसं भाजायला घेतली, तो वास आला आणि मी गाडीत जाऊन रडले. आमच्या शेतातली हुरड्याची आगटी डोळ्यांपुढे आली.

२०२४च्या ईस्टरनंतर संडेस्कूलच्या मुलांना पेत्राचा धडा शिकवायची पाळी माझ्यावर आली. (इथे आमची उपासना शुक्रवारी, त्यामुळे संडेस्कूलही शुक्रवारीच भरतं.) सहा वर्षं शाळेत शिकवल्यामुळे धड्याची तयारी केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गोष्ट लहानपणापासून पाठ होती. प्राण गेला तरी तुला सोडणार नाही, असं म्हणणारा पेत्र त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात शेकत बसतो आणि तीनदा सांगतो, मी या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो. पेत्र बाहेर जाऊन रडतो. तयारी करताना एक बारीकसा तपशील नव्याने कळला. अंगणात पेटलेला तो कोळशाचा विस्तव होता, आणि त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दोन्ही योहानाच्या शुभवर्तमानात. एकदा १८व्या अध्यायात, त्या अंगणात. दुसऱ्यांदा २१व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्रकाठी. पुनरुत्थानानंतरची सकाळ आहे. रात्रभर जाळं टाकून काही मिळालेलं नाही, आणि पहाटे एकदम १५३ मासे लागतात. काठावर येशूने कोळसे पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली आहे.

म्हणजे पेत्राला पुन्हा तोच वास आला असेल. जिथे त्याची मान खाली गेली, तसल्याच विस्तवापाशी त्याला बसवलं गेलं. आधी न्याहारी दिली. मग प्रश्न आला. "असं का केलंस?" हा प्रश्न नव्हताच. माझ्यावर तुझी प्रीती आहे का, एवढंच विचारलं. तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईटही वाटलं. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिलं: माझ्या मेंढरांना सांभाळ.

यहूदालाही पश्चात्ताप झाला होता. त्याने ती चांदीची ३० नाणी परत नेली, मी चुकलो असं कबूलही केलं. पण ज्यांच्याकडे तो गेला, त्यांनी ते तुझं तू बघ म्हणून त्याला वाटेला लावलं. तो एकटा पडला आणि त्याने जीव दिला. चूक दोघांचीही झाली होती. पेत्र मात्र किनाऱ्यावर कोण उभं आहे हे कळताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला.

त्या रात्री मला माझ्या पहिल्या शाळेतल्या ज्येष्ठ बाई आठवल्या. वह्या तपासायला बसले की त्या सांगायच्या, "लाल शाई चुकीखाली ओढायची, मुलावर नाही." गणित चुकलं तर गणिताखाली रेघ. वहीवर 'ढ' लिहायचं नाही. माझ्या डोक्यातला आवाज नेमकं तेच करत होता. बाबांशी मी खोटं बोलले, ही एक चूक. तिच्याखाली रेघ ओढायलाच हवी. पण 'नालायक' हा शेरा तपासणाऱ्याचा नव्हता.

बायबलमध्ये सैतानाला आरोप करणारा म्हटलं आहे. आणि पवित्र आत्म्यासाठी आपल्या मराठी बायबलात शब्द आहे 'कैवारी'. आपला कैवार घेणारा, आपल्या बाजूने उभा राहणारा. कैवारी चूक झाकत नाही. चूक कबूल करायचं बळ देतो. हा शब्द मी कितीदा वाचला असेन, पण माझ्याही बाजूने कुणी उभं आहे, असा त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. पुढच्या प्रभुभोजनाला मी उठले.

दादाला सांगायला मात्र या वर्षीचा जानेवारी उजाडला. शेतात आगटीभोवती आम्ही तिघंच होतो, दादा, आई आणि मी. मी सगळं सांगितलं, स्टेटससकट. दादा बराच वेळ कणीस चोळत राहिला. मग म्हणाला, "ऐकून वाईट वाटलं मला." आणि हातातला हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. पूर्वी हे वाक्य मला महिनाभर पुरलं असतं. त्या दिवशी ते एका चुकीबद्दलचं एक वाक्य राहिलं. आईने थोड्या वेळाने विचारलं, "बर्फ हातात घेतला की कसा लागतो गं?"

तुमच्यातल्या बहुतेकांचं दैवत वेगळं आहे, हे मला ठाऊक आहे. पण घरापासून लांब राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा हा आवाज आहे, म्हणून लिहिलं. माझा तो अजून पुरता गेलेला नाही. आला की मी त्याला एकच विचारते, कोणती चूक ते सांग. चूक सांगता आली, तर ती निस्तरायला उठते. नुसती नावंच ठेवायला लागला, तर म्हणते, माझ्या कैवाऱ्याशी बोल.

परवा आईला फोन करून सांगितलं, "यंदा नाताळला येत नाही. सुट्टीत आम्ही फिरायला जातोय. ईस्टरला नक्की येते."

"बरं," आई म्हणाली. "फोटो पाठव मग."

पाठवणार आहे.