पावती मागा. माणूस ओळखीचा असेल तर आधी मागा.

आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. राग आला तर माझ्यावर काढा.

परवा एक पोरगा भेटला. पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून धावतो, दुपारी कामाला जातो, रात्री सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ करतो. त्यानं मला कागद दाखवला. 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' दाखला. अडीच हजार रुपये मोजले, दोन दिवसांत हातात. सही आहे, शिक्का आहे, बारकोडसुद्धा आहे. फक्त त्या बारकोडचा क्रमांक 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावर टाकला की काहीच निघत नाही. दाखला बोगस.

पोरगा मला म्हणतो, "दादा, असा कसा बोगस असंल? माणूस तर आपल्या वळखीचा हाय."

हा 'वळखीचा माणूस' म्हणजेच आजचा विषय.

गाव सांगणार नाही. पेणकर म्हणतील रोह्यातलं असेल, रोहेकर म्हणतील पेणमधलं. दोघांनीही आधी आपल्या घरातल्या फायली उघडून बघाव्यात.

आता सरळ मुद्दा. आपण या मातीत जन्मलो, आईबाप इथले, आजे-पणजे इथले. आपल्याला नागरिक व्हायला कुठलीही परीक्षा नाही. नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा आहे. त्यात बाहेरून आलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायच्या अटी आहेत, आणि त्यातसुद्धा लेखी पेपर नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी यावी, एवढं म्हटलंय. त्यामुळं उद्या कुणी 'नागरिकत्व परीक्षा', 'नागरिकत्व कार्ड' असं सांगत दारात आलं, किंवा तशी लिंक व्हॉट्सॲपवर आली, तर समजा की हात तुमच्या खिशात शिरतोय. मतदार यादीत नाव घालायलाही पैसे लागत नाहीत. आणि हो, आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्याच कायद्यात लिहिलंय. म्हणून 'आधार अपडेट केलं की नागरिकत्व पक्कं' हीसुद्धा थाप.

परीक्षा नाही खरी, पण कागद आहेत. भरतीला अधिवास लागतो, प्रवेशाला राष्ट्रीयत्व लागतं, सवलतीला जातीचा, फीमाफीला उत्पन्नाचा. कायद्यानं न घेतलेली परीक्षा या कागदांच्या निमित्तानं आपल्याला रोज द्यावी लागते. आणि जिथं परीक्षा तिथं गाईड विकणारा आलाच.

परदेशाकडं बघा जरा. पेणचे गणपती अमेरिकेला जातात, तशी आपली पोरंही जातात. तिथं नागरिकत्वाची खरोखरची परीक्षा असते. पण अमेरिकेचं सरकार प्रश्न आणि उत्तरं दोन्ही आपल्या संकेतस्थळावर फुकट देतं. ब्रिटनमध्ये २४ प्रश्न, ४५ मिनिटं, ५० पौंड शुल्क, सगळं जाहीर. तरी तिथंही खोट्या वेबसाइटी निघतात, दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणारे पकडले जातात. म्हणजे भामटे सगळीकडं आहेत. फरक एवढाच, की तिथं सरकारी पान उघडून भामट्याचं खोटं दोन मिनिटांत पकडता येतं. आपल्याकडं नियम असतो, पण तो सामान्य माणसापर्यंत पोचू दिला जात नाही. मधल्या जागेत दलाल खुर्ची टाकून बसतो.

नियम काय आहे ते सांगतो.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिवासाच्या दाखल्याला मुदत १५ दिवस. जातीच्या दाखल्याला ४५ दिवस. मुदतीत मिळाला नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्ज घरून मोबाइलवर करता येतो, केंद्रात जाऊनही करता येतो. केंद्राचं शुल्क किती, हे दरफलकावर लिहिलेलं असायलाच हवं. फलक दिसत नसेल तर विचारा, "फलक कुठाय?" ते शुल्क हजारात जात नाही, एवढं डोक्यात ठेवा.

दुसरी गंमत मुद्रांकाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक गेला आणि पाचशेचा आला. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं, की जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व, नॉन-क्रीमीलेयर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागणार नाही. साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं चालेल. त्यानंतरही जूनमध्ये निकाल लागला की बाया पदराच्या गाठी सोडून पाचशेची नोट काढताना मी बघितल्यात. त्यांना हे सांगायचं काम कुणाचं होतं?

दर वेळी दाखला लागतोच असंही नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात राष्ट्रीयत्वासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'भारतीय' लिहिलेलं असलं तरी चालतं. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका वाचायची कोणी? "भाऊ, तूच बघ काय लागतं ते" म्हणून आपण फाइल त्याच्या हातात देतो. सोबत मूळ कागद, आधार, आणि मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा. घराची किल्ली देताना आपण दहादा विचार करतो, ओटीपी मात्र ओरडून सांगतो.

सगळ्यात जास्त भरडला जातो तो कातकरी समाज. महाराष्ट्रात तीनच जमाती केंद्रानं विशेष दुर्बल म्हणून नोंदवल्यात. कातकरी त्यातली एक, आणि आपल्या पेण, रोहा, सुधागडच्या वाड्या-वाड्यांवर ती राहते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारला जातो. ज्याचा आजा वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जगला, त्यानं १९५० चा कागद कुठून आणायचा? या देशाचा सगळ्यात जुना रहिवासी तो, आणि आपण इथले आहोत हे सिद्ध करायला त्यालाच सांगायचं. मग कोणीतरी येतो, "मी करून देतो" म्हणतो, दीड-दोन हजार घेतो आणि गायब होतो. कष्टाची मजुरी गेली. तक्रार कोण करणार? तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न, "कागद आहेत का?"

२०२३ मध्ये केंद्रानं पीएम-जनमन योजना आणली ती अशाच जमातींसाठी. मग दाखल्यांची शिबिरं वाडीवर जाऊन घ्या, आणि दर वर्षी घ्या. फोटो काढण्यापुरती नकोत. शिबिर झालं की त्या वाडीवर दलालाचं काम उरत नाही.

आता ओळखीकडं येतो. पेणकरांना ओळखीचं मोल मी काय सांगू? २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले तेव्हा कितीतरी घरांचा संसार अडकला. ठेवी ठेवल्या त्या 'आपलीच बँक, आपलीच माणसं' म्हणून. तेव्हा रडलेली घरं आजही आहेत, काही म्हातारी माणसं पैशांची वाट बघत गेली. एवढा मोठा धडा घेऊनही आपण पावती मागायला लाजतो. "अरे, त्याला काय पावती मागायची, लग्नाला आलेला माणूस तो!" आला असेल. जेवूनही गेला असेल. पण तुमचा दाखला खोटा निघाला तर कोर्टात तो तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

कारण कायदा इथं कडक आहे. बनावट कागद बनवणं हा गुन्हा, आणि तो बनावट आहे हे माहीत असताना खरा म्हणून वापरणं हाही गुन्हा. तो पोरगा अजून निष्पाप आहे. पण मी त्याला क्रमांक टाकून दाखवला त्या क्षणापासून त्याला माहीत आहे. आता तोच कागद त्यानं पडताळणीच्या टेबलावर ठेवला, तर पोलीस व्हायला गेलेला पोरगा आरोपी होऊन परत येईल.

थोडं आमच्या धंद्याबद्दलही. हे दलाल सगळ्यांना माहीत आहेत, आम्हा पत्रकारांना तर नक्कीच. मग बातमी का येत नाही? दिवाळी अंकाला आणि वाढदिवसाला जाहिरात तेच देतात म्हणून. मीही अशी जाहिरात छापून घेतलीय. चौकातल्या फलकावर ज्यांच्यासोबत त्यांचे फोटो असतात ते पुढारीही गप्प. सही करणारा साहेब म्हणतो, "आमच्याकडं लेखी तक्रार नाही." सगळ्यांचं बरं चाललंय. पैसे जातात ते फक्त ज्याच्याकडं नाहीत त्याचे.

काही जण म्हणतील, "दलाल नसेल तर काम होत नाही, साहेब. चार खेपा मारायच्या, रोज बुडवायचा, त्यापेक्षा हजार दिलेले बरे." हे म्हणणं खोटं नाही. कोलाडहून, नागोठण्याहून मजुरी बुडवून येणाऱ्याला 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत जाणं परवडत नाही. म्हणूनच माझा पहिला राग दलालावर नाही, त्या 'उद्या या'वर आहे. दलाल त्या 'उद्या'चीच विक्री करतो. प्रशासनानं तीन गोष्टी कराव्यात. दरफलक मोठ्या अक्षरात बाहेर लावावा. प्रलंबित अर्जांची यादी कारणासकट दर आठवड्याला लावावी. आणि बोगस दाखला सापडला की वापरणाऱ्यासोबत बनवणाऱ्यावरही गुन्हा नोंदवावा.

आणि आपण?

पैसे दिले की पावती. अर्ज केला की पोच आणि अर्जाचा क्रमांक. दाखला हातात आला की त्याच दिवशी बारकोडचा क्रमांक 'आपले सरकार'वर टाकून बघा. संकेतस्थळाच्या पत्त्यात 'गव्ह डॉट इन' नसेल तर थांबा. मूळ कागद कुणाकडं ठेवू नका. ओटीपी सांगू नका. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन. सरकारी माणसानं लाच मागितली तर १०६४. आणि जून उजाडायची वाट बघू नका, दहावी-बारावीची पोरं घरात असतील तर अर्ज डिसेंबरातच करा. घाई झाली की दलालाचा भाव वाढतो.

त्या पोरानं काल स्वतः नवीन अर्ज केला. पोच मला पाठवली. तक्रार मात्र तो करणार नाही, बाप म्हणतो, "गावात राहायचंय." मी त्याला दोष देत नाही. पण त्या माणसाकडं आज दुसरा कुणीतरी अडीच हजार घेऊन बसला असेल, आणि तो तुमचा भाचा, पुतण्या किंवा शेजारचा पोर असू शकतो. एकट्या बापाला गावात राहायची भीती वाटते. पन्नास बापांनी मिळून लेखी अर्ज दिला तर घाबरायची पाळी त्या माणसावर येईल.

ज्यांच्यासोबत असं झालंय त्यांनी मला मेसेज करा. नाव छापणार नाही. तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो, फुकट.

आणि माझ्याकडूनही पावती मागितलीत तर मला राग येणार नाही.