आनंदाचा हिशोब वेगळ्या वहीत

पदरमोड करून मुलांसाठी पुस्तक काढलं, की एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "अरे, पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघ, पैशाचं काय घेऊन बसलास?" मंडळी, मला या वाक्याचा भयंकर राग येतो.

आनंद खोटा नाही. गेल्या वर्षी मी स्वतःचं चित्रपुस्तक काढलं, तेव्हापासून तो भरपूर लुटतोय. सोसायटीतली साडेचार वर्षांची एक चिमुरडी मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावते. एक शब्द गाळला तरी पान मागे उलटते. इतका बारीक कोड रिव्ह्यू ऑफिसात कधी कोणी केला नाही!

पण आता जरा एक्सेल उघडूया. समजा, ३२ पानांचं रंगीत पुस्तक, १००० प्रती, किंमत १५० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात असं धरू. उरले ९०. छपाई-बांधणी प्रतीमागे ७०. उरले २०. चित्रकाराला ४०,००० दिले असतील, तर शेवटची प्रत विकली गेली तरी २०,००० चा खड्डा! त्यात लेखकाचं मानधन शून्य, आणि 'सप्रेम भेट' गेलेल्या प्रती धरलेल्याच नाहीत. जास्त प्रती छापल्या की प्लेट्सचा खर्च विभागला जातो, प्रत स्वस्त पडते. पण मग गठ्ठे पलंगाखाली.

आता हा खड्डा भरायला पहिला हात कुणाच्या खिशात जातो? चित्रकाराच्या. "बजेट नाहीये हो, पण मुलांसाठी आहे, नाव होईल तुमचं." प्रेसवाल्याला हेच सांगून बघा की! चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रच सांगतं, आणि त्याच माणसाला आपण समाधानावर बोळवतो. लाज वाटायला हवी.

दुसरे पॅकेजवाले. हे पैसे आधीच घेतात, म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक तुम्ही, वाचक नव्हे. पुस्तक खपलं काय, न खपलं काय! पॅकेजच्या यादीत आयएसबीएन ऐटीत मिरवताना दिसला तर लक्षात ठेवा, भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. अर्ज तेवढा करायचा.

मग कुणीतरी बिट्रिक्स पॉटरचा दाखला देतं. खरंय, प्रकाशकांनी नाकारल्यावर तिने १९०१ मध्ये 'पीटर रॅबिट'च्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या, आणि १९०२ मध्ये प्रकाशकाने रंगीत आवृत्ती काढली. पण चित्रं तिची स्वतःची होती, खर्च कमी ठेवायला आतली चित्रं रंगीत न ठेवता काळी-पांढरी ठेवली होती, आणि घरचं बरं होतं. हे तीन मुद्दे सोयीस्कर विसरले जातात.

असो. माझं म्हणणं एवढंच, पुस्तक जरूर काढा. पण लडाखच्या ट्रिपसारखा खर्च समजून काढा. बुडाले तरी झोप लागेल तेवढेच पैसे घाला, आणि चित्रकाराचे सगळ्यात आधी बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर वर्षभर थांबा, साठवा. आनंद आपल्याला हवाय ना? मग त्याचं बिलही आपणच भरायचं.