गोळी खिशात ठेवू नका!

मुलचेऱ्याकडच्या बाजारात सुजलेल्या पायाचा माणूस दिसला, तर कुणी वळूनही पाहत नाही. हत्तीपाय आपल्या जिल्ह्याच्या इतका अंगवळणी पडला आहे. एचआयव्हीचे मात्र उलटे. नाव निघाले की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. पण वाचकहो, एक उघडा नि दुसरा झाकलेला, असे हे दोन्ही रोग एकाच अंगात राहू शकतात. कागदावर मात्र त्यांचे रकाने वेगळे!

हत्तीरोग हा कृमींचा रोग. घाण पाण्यावर वाढणारे डास तो पसरवतात. कृमी अंगात पाच-पाच वर्षे, त्याहूनही जास्त काळ ठाण मांडतात. पाय सुजेपर्यंत पत्ताच लागत नाही. माणूस बांधीत रोवणा करतो, मिरची तोडायला तेलंगणात जातो, आणि त्यांची पिल्ले रात्री रक्तात फिरत असतात. म्हणूनच रक्त घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतो.

टांझानियातील म्बेया भागात संशोधकांनी काही वर्षे लोकांवर लक्ष ठेवले. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्यांच्या अंगात हे कृमी होते, त्यांना एचआयव्हीची नवी लागण इतरांपेक्षा सुमारे दुपटीने झाली. डासाने एचआयव्ही पसरतो असा याचा अर्थ नाही. तसे कधीच होत नाही. कृमींशी सतत झुंजणारे शरीर त्या विषाणूला लवकर बळी पडत असावे, असा कयास आहे.

आता आपले पाहा. हत्तीरोगाची गोळी दारात येते, तर आपण ‘जेवून घेतो ना बाई’ म्हणून ती खिशात टाकतो. एचआयव्हीचे औषध चालू असलेला म्हणतो, ‘आधीच एवढ्या गोळ्या, त्यात ही कशाला?’ गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरे आणि गंभीर आजारी सोडले, तर ही गोळी सर्वांसाठी आहे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून ती टाळू नये. शंका असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना विचारा. पण रोजचे औषध बंद करू नका. गोळीनंतर थोडा ताप, चक्कर आली, तर बहुधा ती जंतू मरत असल्याची खूण असते.

आरोग्य खात्यानेही एवढे करावे: एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्याची हत्तीरोगाची तपासणी तिथेच व्हावी. आणि गोळी वाटताना कुणाचा आजार चारचौघांत विचारू नये. २०१७ चा कायदाही गुप्तता पाळायला सांगतो.

गोळी फुकट मिळते. एकदा हत्तीचा झालेला पाय मात्र पुन्हा माणसाचा होत नाही.