ड्रायव्हर पाहिजेत... पण अनुभवी!

मित्रांनो, गेल्या सेमिस्टरला आपल्या सेमिनार हॉलमध्ये एका लॉजिस्टिक्स कंपनीचं प्री-प्लेसमेंट टॉक झालं होतं. आठवतंय? टाय लावलेल्या एका साहेबांनी पडद्यावर एक स्लाइड आणली. वर लाल अक्षरात दोनच शब्द : 'ड्रायव्हर शॉर्टेज'. साहेब म्हणाले, "गाड्या उभ्या आहेत, माल पडून आहे, पण चालवायला माणूस मिळत नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. टॉकनंतर सामोसे होते, त्यामुळे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत.

त्याच दुपारी माझा मावसभाऊ कळंबोलीला स्टील मार्केटजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर बसला होता. खिशात हेवी लायसन्स. काम शोधायला लागून चौथा महिना चालू होता.

मी हात वर करून विचारायला हवं होतं, की सर, तुम्हाला माणूस मिळत नाही आणि माझ्या माणसाला काम मिळत नाही, हे कसं काय? नाही विचारलं. का नाही विचारलं, ते पुढे सांगतो.

आधी दादाबद्दल. आमचं गाव बार्शी तालुक्यात. दादा दहावीनंतर ट्रॅक्टरवर बसला. गाळप हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या ओढल्या, मग दोन वर्षं 'छोटा हत्ती'वर भाजी वाहिली. ट्रकचं लायसन्स असं उठून मिळत नाही बरं का. वय वीस पूर्ण पाहिजे, हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं पाहिजे, मग ट्रकचं शिकाऊ लायसन्स, मग ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, मग टेस्ट. ह्या सगळ्याला पैसे लागतात. मावशीनं दोन शेळ्या विकल्या. लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले होते. तिला वाटलं, झालं, पोरगं लाइनीला लागलं.

दादा कळंबोलीला गेला, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेला, वाशी मार्केटला गेला. 'ड्रायव्हर पाहिजेत' अशी पाटी त्याला जागोजागी दिसली. आत गेल्यावर मात्र संवाद ठरलेला...

"काय चालवलंय?"

"ट्रॅक्टर चालवलाय. छोटा हत्ती चालवलाय."

"हेवी?"

"लायसन हाय की."

"लायसन सगळ्यांकडं असतंय रे. भरल्या गाडीनं घाट उतरलायस का?"

कसा उतरणार? ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रिकामी. मैदानात चार चकरा आणि थोडं रिव्हर्स. भरलेली गाडी कोणी देईल तेव्हा घाट उतरणार, आणि घाट उतरला असेल तरच गाडी देणार! दुसऱ्या ऑफिसात विचारलं, "ओळख कोणाची? जामीन कोण राहील?" तिसऱ्यानं सांगितलं, तीन वर्षं जुनं लायसन्स घेऊन ये. चौथ्यानं आठ दिवस बिनपगारी ट्रायल घेतली, गोडाऊनच्या आवारात गाड्या मागे-पुढे करून घेतल्या आणि "कळवतो" म्हणाला. तो अजून कळवतोय.

आता जरा आकड्यांकडे बघू. जून २०१९ मध्ये सरकारनं व्यावसायिक ड्रायव्हरसाठी असलेली आठवी पासची अट काढायचं ठरवलं. त्या वेळच्या पत्रकात म्हटलं होतं, की देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये अट निघाली. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी पुन्हा तुटवड्याचा आकडा सांगितला : २२ लाख! सहा वर्षांत अट गेली, मध्ये कोविड येऊन गेला, नवे महामार्ग झाले, आणि आकडा जागचा हलला नाही. लॅबमध्ये सहा रीडिंग सारखी आली तर सर आधी मीटर चालू आहे का ते बघायला सांगतात. इथेही तेच करावं असं मला वाटतं. तुटवडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नक्की कशाचा तुटवडा आहे हे तपासलं पाहिजे.

माझ्या मते तुटवडा दोन गोष्टींचा आहे. नवशिक्याला पहिली गाडी देणाऱ्याचा, आणि आहे त्या अटींवर वीस वर्षं टिकणाऱ्याचा.

पहिली गोष्ट बघा. पूर्वी ट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला क्लीनर असायचा. तो ताडपत्री बांधायचा, टायरची हवा बघायचा, शिव्या खायचा आणि बघून बघून शिकायचा. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद थोडा वेळ स्टेअरिंग त्याच्या हातात द्यायचा. ही पद्धत फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. बारा-चौदा वर्षांची पोरं त्यात राबायची आणि मारही खायची. पण तिथे शिकायची सोय होती. आता खर्च वाचवायला मालकांनी क्लीनर काढला, आणि त्याच्या जागी शिकण्याची दुसरी सोय कोणीच केली नाही. म्हणजे शाळा बंद केली, आणि आता पदवीधर मिळत नाहीत म्हणून ओरड चालू आहे.

आणि हे काम शिकायलाच लागतं बरं का! मशीन डिझाइनच्या पेपरला आपण ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता काढतो, पाच मार्कांना. ड्रम तापला की ब्रेकची पकड कमी होते, हे आपण पाठ करतो. दादाला आता ते वासावरून कळतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माहीत असेल. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनानं चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. असल्या उतारावर भरलेली गाडी कुठल्या गिअरमध्ये घ्यायची, ब्रेक कधी दाबायचा आणि कधी नाही दाबायचा, हे शेजारी बसून कोणीतरी दाखवावं लागतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकायची खोडही ड्रायव्हरला जन्मतः नसते. डिझेलच्या हिशेबावर त्याचे चार पैसे ठरत असले, की ती लागते.

२०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने १,६०० प्रशिक्षण संस्था काढायची ४,५०० कोटींची योजना जाहीर झाली. चांगलं आहे. पण दादा अडला तो दाखल्यापाशी अडला नाही, दाखला मिळाल्यानंतर अडला. संस्थेतून बाहेर पडलेल्या पोराला पहिले सहा महिने पगार देऊन अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी कोण बसवणार? ह्याचं उत्तर नसेल तर कळंबोलीच्या बाकड्यावरची गर्दी फक्त वाढेल.

मालकाची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ह्या धंद्यात बरेचसे मालक एक-दोन गाड्यांचे. गाडी कर्जावर, दर महिन्याला हप्ता. डिझेल, टोल, टायर आधी भरायचं आणि भाड्याचे पैसे महिना-दोन महिन्यांनी यायचे. असा माणूस नवशिक्याच्या हातात गाडी द्यायला कचरतो, त्यात त्याचं चुकत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही. ज्या मोठ्या कंपन्यांचा माल ह्या गाड्यांतून जातो, ज्यांच्या स्लाइडवर तुटवडा लाल अक्षरात असतो, त्यांनी शिकवण्याच्या खर्चाचा वाटा उचलायला हवा.

दादाला शेवटी काम मिळालं, पण कसं ते ऐका. दिवाळीत एक ड्रायव्हर गावाला गेला म्हणून बदलीवर. त्याआधी तीन महिने तो एका जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून फिरला. पगार शून्य. दोन वेळचं जेवण आणि चहा. म्हणजे २२ लाख माणसं कमी असलेल्या धंद्यात एका तरुणानं तीन महिने फुकट काम केलं, तेव्हा कुठे त्याला बदलीची गाडी मिळाली! ज्या मालाला खरंच टंचाई असते त्याचा भाव वाढतो, हे आपण इकॉनॉमिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये शिकलो ना? मग इथे भाव शून्य कसा?

आता दुसरी गोष्ट, टिकण्याची. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता वाहतुकीच्या नियोजनावर. भिवंडीजवळच्या आमणे ते नागपूर, समृद्धी महामार्गानं ७०१ किलोमीटर. सरासरी वेग ताशी ५० धरला. जायला १४ तास, माल उतरवायला-भरायला २, यायला १४. एकूण तीस तासांत फेरी, आठवड्यात पाच फेऱ्या. सर खूश, एक्स्टर्नलही खूश. मी मोठ्या कौतुकानं ते दादाला फोनवर सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "गाडी तर पळाली. पण मी झोपलो कुठं?"

मित्रांनो, खरंच सांगतो, मी हिशेब पुन्हा काढला. पाच फेऱ्या म्हणजे आठवड्याला १४० तास नुसतं स्टेअरिंगवर! १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. (तोही मुळात पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता आल्या आणि तो कायदा त्यात सामावला गेला.) आम्ही चौघं भावी इंजिनिअर, चार महिने डोकं लावलं, आणि ट्रकला डिझेल लागतं हे धरलं, पण माणसाला झोप लागते हे धरलं नाही. आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, ना आमच्या, ना तपासणाऱ्यांच्या.

बाकीचंही असंच. कारखान्याच्या गेटवर गाडी दोन दिवस खोटी होते, त्याचे पैसे ड्रायव्हरला बहुतेक मिळत नाहीत, कारण तो फेरीवर. आतलं संडास त्याच्यासाठी बंद. केबिनमध्ये एसी असावा हा नियम २०२५ मध्ये नव्या ट्रकना लागू झाला. जुन्या गाड्यांत मे महिन्याचं ऊन तसंच. त्यात लग्नाच्या बाजारात 'ड्रायव्हर नको गं बाई' हे ठरलेलं. जानेवारी २०२४ मध्ये हिट-अँड-रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा आपल्या हॉस्टेलची निम्मी पोरं पेट्रोलच्या रांगेत होती. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. "थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर जेल," दादा म्हणतो. रांगेत उभं राहून आपण त्यांना काय काय बोललो ते आठवा जरा.

आता मी त्या दिवशी हात वर का केला नाही, ते सांगतो. मला लाज वाटली. माझा भाऊ ट्रक चालवतो हे अख्ख्या हॉलला कळेल म्हणून. हॉस्टेलमध्ये कोणी विचारलं तर मी "दादा ट्रान्सपोर्ट लाइनला आहे" असं मोघम सांगायचो. गंमत म्हणजे माझं दोन महिन्यांचं मेसबिल त्यानंच भरलंय, बदलीच्या पैशातून. ज्या समाजात सख्ख्या माणसालाही हे काम सांगायची लाज वाटते, तिथे २२ लाख माणसं येणार कुठून?

आपल्यापैकी बरेच जण उद्या प्लांटमध्ये, वेअरहाऊसमध्ये, प्लॅनिंगला बसतील. मोठ्या क्रांतीची गरज नाही. गेटजवळ एक खोली, पाणी, संडास काढा. वेळापत्रक करताना झोपेचे तास आधी टाका, मग फेऱ्या. गाडी खोटी झाली तर ड्रायव्हरचा भत्ता करारातच लिहा. आणि दहा अनुभवी ठेवाल तिथे दोन नवे घ्या. आपणही फ्रेशर आहोत, 'अनुभव किती?' हा प्रश्न आपल्यालाही नकोसा वाटतोच की!

सरांनाही एक विनंती. पुढच्या बॅचच्या वाहतुकीच्या प्रोजेक्टमध्ये 'ड्रायव्हर' ह्या रकान्यात काय लिहिलंय, तेवढं एकदा तपासा.

पुढचं टॉक होईल तेव्हा मी पुढच्या बाकावर असेन. प्रश्न लिहून ठेवलाय : "सर, गेल्या वर्षी तुमच्या कंपनीनं किती नवशिक्यांना पहिली गाडी दिली? माझा भाऊ ट्रक ड्रायव्हर आहे, म्हणून विचारतोय."