भोंगा थांबला, काम थांबेना

प्रभादेवी-परळ पट्ट्यातील कामगाराचा दिवस एके काळी गिरणीच्या भोंग्याने सुरू होई आणि भोंग्यानेच संपे. तो आवाज कर्कश खरा. पण पाळी सुटली की कामगार मालकाचा राहत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ज्युपिटर, एल्फिन्स्टन यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. तेथील नोकरदाराच्या खिशात आज भोंगा आहे. मात्र तो केवळ कामावर बोलावतो, सुटी देत नाही.

कामाच्या वेळेला घातलेली मर्यादा कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कोठे १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. पुरुष कामगारांसाठी १२ तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ठरवले आणि जादा कामाला दुप्पट वेतन दिले.

आजचा पेच वेगळा आहे. रात्री दहाला येणारा साहेबांचा निरोप हा हुकूम नसतो. म्हणून त्याची नोंद होत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. तरी भ्रमणध्वनीवरून मागवली जाणारी ‘तातडीची माहिती’ त्यांची संध्याकाळ खातेच.

‘ज्याने त्याने नम्रपणे नकार द्यावा’ हा उपदेश येथे अपुरा पडतो. एकटा नकार देणारा कामचुकार ठरतो. सर्वांना लागू असलेला नियम मात्र कोणालाच वाईट ठरवत नाही. फ्रान्सने २०१७ पासून कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. उलट त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली.

रुग्णालय वा अग्निशमन दल घड्याळ पाहून थांबू शकत नाही, हे मान्य. पण म्हणूनच तेथे पाळ्या असतात. अन्य कचेऱ्यांनीही तातडी कशाला म्हणायचे ते लेखी ठरवावे आणि जादा वेळेची नोंद ठेवावी. कर्मचाऱ्यांनीही कामाचे तास कामालाच द्यावेत. तरच उरलेले तास आपले म्हणण्याचा अधिकार बळकट होईल.