पाठ केलेली जत्रा

एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेच्या वर्गात स्मरणचित्राचा सराव सुरू होतो. विषय जत्रेचा. उजवीकडे पाळणा, डावीकडे एक हात वर केलेला फुगेवाला, मध्ये पाठमोरी बाई आणि तिचं बोट धरलेलं मूल, मागे देवळाचं शिखर. शेजारच्या पोराच्या कागदावर हेच, पलीकडच्या मुलीच्याही कागदावर हेच. विषय बसस्थानकाचा आला तर पाळण्याच्या जागी लाल एसटी येते, माणसं तीच राहतात. यातलं काहीच आठवून काढलेलं नसतं. पाढ्यांसारखं ते पाठ केलेलं असतं. इंटरमीजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला 7, 5 किंवा 3 गुण वाढून मिळतात, म्हणून घरच्यांची तक्रार नसते.

माझी आहे. कारण आज ज्या कामाची पोरांना ओढ आहे, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा पेपर हाच.

पाटोद्यातली चित्रं काढणारी मुलं मोबाइलवर कन्सेप्ट आर्ट बघत असतात. सिनेमा किंवा गेम तयार व्हायच्या आधी त्यातली घरं, राक्षस, शहरं कुणीतरी काढून दाखवतं, ते हे काम. समोर नसलेली गोष्ट काढायची आणि ती बघणाऱ्याला खरी वाटली पाहिजे. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'सर, माझी स्वतःची स्टाइल कशी तयार करू?' मग कुणाचे डोळे, कुणाचं शेडिंग उचलून वहीमागून वही भरली जाते. सराव होतो, हात झरझर चालायला लागतो. नजर मात्र होती तिथेच राहते.

रिडली स्कॉट या एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे बघा. 1979च्या 'एलियन'मधला प्राणी एच. आर. गिगरच्या चित्रांतून आला आणि 1982च्या 'ब्लेड रनर'मधल्या गाड्या-रस्त्यांचा आराखडा सिड मीडने केला. गिगर वर्षानुवर्षं हाडं, सांगाडे, यंत्रं आणि स्वतःची भयस्वप्नं रंगवत होता. मीडने तारुण्यात फोर्ड कंपनीत मोटारींचे आराखडे काढले होते. म्हणून एकाचं यंत्रसुद्धा हाडामांसाचं वाटतं आणि दुसऱ्याच्या कल्पनेतली गाडीही गॅरेजमधून बाहेर काढता येईल अशी दिसते. शैली त्यांनी वेगळी बसून ठरवली असेल, असं मला वाटत नाही. डोक्यात साठा वेगवेगळा होता, तो कागदावर उतरला.

आपल्याकडेही हेच आहे. चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळ गोव्याचे, वयात दोनेक वर्षांचं अंतर, दोघांचं कर्तृत्व मुंबईत आणि दोघांची मुखपृष्ठं दिवाळी अंकांच्या एकाच बाजारात शेजारी-शेजारी मांडलेली. तरी सही झाकली तर चित्र कुणाचं ते ओळखू येतं. मुळगावकरांच्या चेहऱ्यावर स्प्रेने आणलेली मऊ झळाळी असते. दलाल रेषेवर विसंबतात आणि विषय बदलला की रेषाही बदलते. मला स्वतःला दलाल जास्त आवडतात, कारण त्यांचं पुढचं चित्र कसं असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

कलामहर्षी बाबूराव पेंटर 1920च्या 'सैरंध्री' या सिनेमापर्यंत पोचले ते कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर महाल खोल कसा दाखवायचा, हे त्यांच्या हाताला कॅमेरा येण्याच्या आधीच माहीत होतं. आणि अगदी अलीकडचं उदाहरण दिग्दर्शक राही बर्वे यांचं. 2018ला पडद्यावर आलेल्या 'तुंबाड'साठी त्यांनी कितीतरी वर्षं आधी सुमारे 700 पानांचा स्टोरीबोर्ड काढून ठेवला होता. तो पाऊस, तो वाडा आधी कागदावर भिजला.

मग हा साठा वाढवायचा कसा? पॅरिसमध्ये 19व्या शतकात लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे शिक्षक होते, शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी. ते मुलांना एखादी साधी वस्तू नीट बघायला लावत, ती नजरेआड करून काढायला सांगत आणि हळूहळू अवघड गोष्टींकडे नेत. आपल्या स्मरणचित्राच्या पेपरचा हेतू याहून वेगळा नसावा. पाठांतराने आपण नेमका तोच मारला.

आमच्या पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला जाऊन हे करून बघता येईल. विंचरणा नदी जिथून खाली झेपावते त्या कड्याकडे पाच मिनिटं बघा, कागद पिशवीतच ठेवा. काळ्या खडकाचे आडवे थर किती, पाण्याची धार कुठल्या थरावर आपटून फुटते, तळातल्या रामेश्वराच्या देवळापाशी उभा माणूस कड्याच्या मानाने केवढा दिसतो. मग कड्याकडे पाठ करून बसा आणि काढा. चुकेल. वळून बघा, नेमकं काय निसटलं ते ध्यानात घ्या आणि पुन्हा काढा. मंगळावरची दरी काढायची वेळ आली तर हाच कडा कामाला येणार आहे. मोबाइलवरून उतरवलेली दरी दुसऱ्या कुणीतरी बघितलेली असते.

आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांकडे हा साठा आधीपासूनच आहे, आणि तो कष्टाने आलेला आहे. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, मध्यरात्री ट्रॅक्टरच्या उजेडात उसाच्या मोळ्या भरल्या जाताना बघतात. ती वणवण व्हायलाच नको, हे माझं मत ठाम आहे. पण जे बघून झालंय ते त्यांचं आहे. ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की या मुलांना शाळेत पहिल्यांदा बुडालेल्या धड्यांचा हिशेब विचारला जातो. गुरुजींनी आणि बाईंनी त्याआधी एक कोरा कागद द्यावा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाची मान कशी होते, हेडलाइटच्या झोतात पाचटाची धूळ कुठल्या रंगाची दिसते, ते काढायला सांगावं. आणि चित्र झाल्यावर त्यातला ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने 'नीट' करून देऊ नये.