जखम पहिल्याच दिवशी दाखवा

श्रीगोंदा तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. अशा ट्रॉलीच्या चाकाखाली पाय सापडला तर हाड मोडतंच, शिवाय नडगीवरची कातडी सोलून निघते. हाड रॉड टाकून बसवता येतं. पण घोट्याच्या वरच्या भागात मांस जवळजवळ नसतंच. तिथे उघड्या पडलेल्या हाडावर मांडीची पातळ कातडी लावली तर धरत नाही, कारण तिला खालून रक्त मिळत नाही.

अशा वेळी कामी येतो फ्री फ्लॅप. पाठीचा स्नायू किंवा मांडीची चरबीसकट कातडी, तिच्या धमनी-शिरेसह, शरीरापासून पूर्ण सुटी करायची आणि पायातल्या रक्तवाहिन्यांना जोडायची. वाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, धागा केसाहून बारीक, टाके मायक्रोस्कोपखाली. एक टाका जरी पलीकडच्या भिंतीत अडकला, तरी गुठळी होऊन सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते. जोड जमला की पांढराफटक पडलेला तुकडा गुलाबी होतो. तरी पुढचे दोन-तीन दिवस तासातासाला रंग पाहावा लागतो. निळसर दिसला तर शीर तुंबल्याची शंका, आणि पुन्हा थिएटर.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये ते चित्रासह छापलं. मात्र ती कातडी मुळाशी जोडलेलीच ठेवावी लागे. पाठीचं मांस थेट पायावर नेणं जमलं ते १९७०च्या दशकात.

मग अडतं कुठे? वेळेत. ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ तासांच्या आत केलेले फ्लॅप शंभरात एकही वाया गेला नाही म्हणण्याइतके टिकले. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलेल्यांत वाया जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. व्हॅक्यूम ड्रेसिंगमुळे ही मुदत आता जरा सैल झाली आहे, महिन्याभराची मात्र नाही. ‘आधी हाड जुळू दे, कातडीचं नंतर बघू’ हे धोरण म्हणूनच महागात पडतं.

प्रत्येक तालुक्यात मायक्रोसर्जरीचं युनिट उभारा, ही मागणी ऐकायला छान, पण पोकळ आहे. त्यासाठी सर्जनच नव्हे, रात्रभर फ्लॅप राखणाऱ्या परिचारिकाही लागतात. श्रीगोंद्याहून पुणे शंभरएक किलोमीटर. तेवढं अंतर त्याच दिवशी कापता येतं; आठवडे जातात ते निर्णयात. आरोग्य खात्याने ग्रामीण रुग्णालयांना ड्युटीवरच्या प्लास्टिक सर्जनचा एक नंबर द्यावा. जखमेचा फोटो पहिल्या रात्रीच तिकडे जावा आणि रुग्ण कधी हलवायचा ते तिथून ठरावं. याला नवी इमारत लागत नाही.

तोवर नातेवाइकांनी दोन गोष्टी कराव्यात. हाड उघडं दिसत असेल तर प्लास्टिक सर्जनला कधी दाखवायचं, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. आणि रुग्णाच्या खिशातली बिडी-तंबाखू काढून घ्यावी. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात.